वाचकांचे प्रश्न: सिंहाच्या छापाचं प्युजो घराणं

मागच्या अंकात प्रीमियर पद्मिनीवर लिहिलं होतं, त्यात कल्याणच्या कारखान्यात बनलेल्या प्युजो ३०९ चा एका ओळीत उल्लेख आला आणि त्या ओळीवरच सगळ्यात जास्त मेल आले. म्हणून ह्या वेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि फक्त ह्या एका फ्रेंच घराण्याबद्दलचे घेतलेत.

प्रश्न (डोंबिवली): नमस्कार सर, माझे बाबा प्रीमियरच्या कल्याण प्लांटला होते, ज्या भागाला लोक अजून प्रीमियर ग्राउंड म्हणतात तिथेच. ३०९ च्या बॉनेटवरचा सिंह मला लहानपणापासून पाठ आहे. परवा लोअर परळच्या एका महागड्या दुकानात मिरपूड दळायची लाकडी गिरणी बघितली तर तिच्यावर तोच सिंह! ही नक्कल आहे की खरंच एकच कंपनी?

उत्तर: नक्कल नाही, दोन्ही एकाच घराण्याच्या आणि गंमत म्हणजे गिरणी मोटारीपेक्षा वयाने मोठी आहे. कॉफी दळायची प्युजोची गिरणी १८४० ची, मिरीची १८७४ ची, आणि पेट्रोलवर चालणारी पहिली प्युजो मोटार आली १८९० च्या आसपास. म्हणजे बाबांच्या ३०९ चं घराणं आधी स्वयंपाकघरात पोचलं आणि मग रस्त्यावर आलं.

हे लोक मूळचे फ्रान्सच्या पूर्व टोकाला स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ मोंबेलियार नावाचं गाव आहे त्या टापूतले. हा टापू फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत फ्रान्समध्ये नव्हताच, जर्मन व्युर्टेंबर्ग घराण्याच्या ताब्यात होता, त्यामुळे आजूबाजूला सगळा कॅथलिक मुलूख आणि मधे हे लुथरन पंथाचे प्रोटेस्टंट. माझ्या मते ही गोष्ट ह्या घराण्याबद्दल सगळ्यात आधी समजून घ्यायला हवी. छोटा समाज, सोयरीक आपापसात, धंद्यातला भागीदार बहुतेक वेळा चुलत किंवा मामेभाऊच, पॅरिसपासून लांब आणि दिखावा अजिबात नाही.

घरची पिठाची पाणचक्की होती एरिमोंकूर ह्या गावी. १८१० मध्ये जाँ-पिएर आणि जाँ-फ्रेदेरिक ह्या दोन भावांनी त्या चक्कीचा पोलादाचा कारखाना केला, पाणी तेच, चाक तेच, फक्त पीठ दळायच्या ऐवजी लोखंड तापवायचं आणि ठोकायचं. कंपनी आपला जन्म त्या सालापासून मोजते. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली १९१० मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, आणि त्यांचीही सुरुवात बेळगावच्या सायकलच्या दुकानातून, मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते ती म्हणजे आधी शेतकऱ्याला आणि कारागिराला रोज लागणारं अवजार नीट बनवायचं आणि त्यातून हात बसला की मग मोठ्या यंत्राला हात घालायचा.

प्युजोंचं पहिलं नाव झालं ते करवतीच्या पात्यांमुळे. आता तुमच्या सिंहाकडे येतो. पाती चांगली खपायला लागली तेव्हा ओळखीचं चिन्ह हवं होतं म्हणून मोंबेलियारच्या ज्युस्तां ब्लाझेर नावाच्या सोनार-नक्षीकाराकडून १८४७ मध्ये चित्र काढून घेतलं, बाणावर चालणारा सिंह, आणि १८५८ मध्ये एमिल प्युजोने त्याची ट्रेडमार्क म्हणून नोंद केली. सिंह का, तर पात्याचे तीन गुण सांगायला. दात सिंहाच्या दातांसारखे टणक, पातं त्याच्या पाठीच्या कण्यासारखं लवचिक आणि कापायचा वेग त्याच्या झेपेसारखा. मोटारीचा त्यात काही संबंध नव्हता, मोटार तेव्हा जगात कुठेच नव्हती.

आणि तुम्ही बघितली त्या गिरणीतलं खरं काम लाकडात नाही, आतल्या पोलादात आहे. दुकानात परत गेलात तर खालून आत बघा, एक छोटा शंकू कड्यामध्ये फिरतो आणि दोघांवर तिरपे दात कोरलेले असतात. वरचे दात मोठे आणि लांब लांब, ते मिरीचा दाणा धरून फोडतात आणि खाली ढकलतात, खालचे बारीक आणि दाट, ते भुकटी करतात. जात्याला टाकी लावून चरे पाडतात ना, विचार तोच, फक्त इथे दगडाऐवजी पोलाद आहे आणि दात वर्षानुवर्षं झिजू नयेत म्हणून वरून कडक केलेले आहेत. मिठाच्या गिरणीची यंत्रणा वेगळी असते कारण मीठ पोलादाला खातं, म्हणून मिरीच्या गिरणीत मीठ घालू नका, ही चूक खूप लोक करतात.

मधल्या काळात ह्यांनी काय काय बनवलं त्याची यादी मोठी आहे, घड्याळाच्या स्प्रिंगा, छत्रीच्या काड्या, शिवणयंत्रं, कॉर्सेटच्या पट्ट्या. १८५० च्या दशकात सम्राज्ञी यूजेनीमुळे फ्रान्समध्ये घेरदार झग्यांची फॅशन आली, त्या झग्याच्या आत पोलादी कड्यांचा सांगाडा असायचा आणि तो सांगाडा प्युजोंच्या कारखान्यातून जायचा. फॅशन गेली पण बारीक, लवचिक, न तुटणारी तार ओढायचा हात राहिला आणि तोच पुढे सायकलीला उपयोगी पडला.

प्रश्न (दादर): आमच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी धंद्यावरून भाऊबंदकी झाली ती अजून मिटलेली नाही, म्हणून विचारतेय. एवढं मोठं घराणं दोनशे वर्षं भांडल्याशिवाय राहिलं का हो?

उत्तर: ताई, भांडलं, चांगलंच भांडलं. पण ज्या पद्धतीने वेगळे झाले ती पद्धत मला ह्या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्यूल आणि एमिल हे दोघे भाऊ. ज्यूलचा मुलगा यूजेन आणि एमिलचा मुलगा आर्मां, म्हणजे सख्खे चुलत भाऊ, वडिलांच्या पश्चात दोघांनी मिळून कारखाना चालवायचा होता. आर्मांचा जन्म १८४९ चा, पॅरिसला इंजिनियरिंग शिकला आणि मग इंग्लंडला लीड्सला जाऊन आला, तिथली यंत्रं आणि सायकली बघून त्याचं डोकं त्याच दिशेने चालायला लागलं. १८८२ मध्ये प्युजोंची सायकल आली, पुढचं चाक भलंमोठं असायचं तसली. १८८९ मध्ये त्याने सेर्पोले ह्या इंजिनियरबरोबर वाफेवर चालणारी तीनचाकी बनवून पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवली, पण वाफेचं काम जड आणि किचकट आहे हे त्याच्या लगेच लक्षात आलं आणि तो डाइमलरच्या पेट्रोल इंजिनाकडे वळला.

१८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सायकलची मोठी शर्यत पहिल्यांदा झाली, तिच्या मागोमाग आर्मांने आपली मोटार पाठवली, चालवायला रिगुलो आणि दोरियो असे कारखान्यातलेच दोघे. घरापासून निघून पॅरिस, ब्रेस्ट आणि परत घर, सगळं मिळून २,००० किलोमीटरच्या वर अंतर, आणि वेग आपल्या मुंबईतल्या संध्याकाळच्या वाहतुकीएवढा, तासाला पंधरा किलोमीटरच्या आत. पहिला आलेला सायकलस्वार मोटारीच्या कितीतरी आधी पोचला. पण मोटार पोचली आणि परतही आली, त्या काळात हेच मोठं होतं.

यूजेनला मात्र हे पटत नव्हतं. त्याच्या बाजूने बघितलं तर चुकीचंही नव्हतं, करवती, हत्यारं, गिरण्या, सायकली ह्यांचा धंदा बरा चालला होता आणि मोटारी वर्षाला अगदी थोड्या विकल्या जायच्या, त्यात पैसा किती जाईल ह्याचा अंदाज कोणालाच नव्हता. शेवटी १८९६ मध्ये आर्मां बाहेर पडला आणि ओदांकूरला स्वतःची मोटार कंपनी काढली. त्याच वर्षी त्याचा एकुलता एक मुलगा रेमों वारला. म्हणजे ज्या वर्षी माणूस घरापासून वेगळा होऊन सगळं पणाला लावतो त्याच वर्षी ज्याच्यासाठी लावायचं तो जातो. तरी त्याने काम सोडलं नाही.

आता करार बघा. आर्मांने मोटारी बनवायच्या, यूजेनने बनवायच्या नाहीत, आणि सायकली यूजेनकडे. नाव दोघांचंही प्युजोच. कोर्टकचेरी नाही, नाव कोणी कोणाचं काढून घेतलं नाही. पुढे यूजेनची मुलं मोठी झाली, पिएर, रोबेर आणि ज्यूल, त्यांना मोटारीच बनवायच्या होत्या, तर १९०५ मध्ये काकांशी नवा करार झाला, काकांना ठरलेली रक्कम द्यायची आणि लायन-प्युजो नावाने छोट्या गाड्या बनवायच्या. १९०७ मध्ये यूजेन गेला, आर्मांच्या मागे मुलगा नव्हता, आणि १९१० मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. ज्या पुतण्यांच्या वडिलांनी मोटारीला नाही म्हटलं होतं त्यांच्याच हातात आर्मांचा धंदा गेला आणि त्यांनी तो वाढवला. मोंबेलियारजवळच्या सोशोच्या कारखान्याची सुरुवात रोबेरने १९१२ मध्ये केली आणि पुढच्याच वर्षी प्युजोच्या गाडीने अमेरिकेत इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत जिंकली.

वेगळं होताना परत जोडता येईल एवढी वाट त्या दोघांनी उघडी ठेवली होती, हे घराणं टिकलं ते माझ्या मते ह्यामुळेच. तुमच्या घरचं मला माहीत नाही, पण कागदावर स्पष्ट लिहिलेली वाटणी असली तर माणसं निदान लग्नकार्यात तरी एकमेकांसमोर बसतात, हे मी आपल्याकडेही बघितलंय.

प्रश्न (ठाणे): ३०९, ४०५, २०६, मधे नेहमी शून्यच का?

उत्तर: १९२९ च्या २०१ पासून ही पद्धत आहे, पहिला आकडा गाडीचा आकार सांगतो, शेवटचा पूर्वी पिढी सांगायचा, आणि मधे शून्य. ह्या तीन आकडी नावांवर प्युजोने हक्क नोंदवून ठेवला होता. पोर्शेने १९६३ मध्ये ९०१ नावाची गाडी दाखवली तेव्हा प्युजोने हरकत घेतली आणि पोर्शेला नाव बदलून ९११ करावं लागलं. आज जगभर जी ९११ प्रसिद्ध आहे तिचं नाव असं ठरलं.

प्रश्न (गिरगाव, निवृत्त इतिहास शिक्षक): दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सरकारने रेनॉ कंपनी शत्रूला मदत केली म्हणून ताब्यात घेतली. मग प्युजो कसे सुटले? त्यांचाही कारखाना जर्मनांसाठीच चालत होता ना?

उत्तर: सर, प्रश्न अगदी योग्य आहे. सोशोचा कारखाना जर्मनांच्या ताब्यातल्या प्रदेशात होता, तिथून जर्मन सैन्याला ट्रक जात होते आणि १९४३ मध्ये तो फोक्सवॅगनच्या देखरेखीखाली दिला गेला. मालक आतून काम हळू करत राहिले, अडथळे आणत राहिले असं सांगितलं जातं, पण माल जात होता हेही खरं.

१५ जुलै १९४३ च्या रात्री ब्रिटिश विमानांनी कारखान्यावर हल्ला केला. बरेचसे बॉम्ब कारखान्यावर न पडता वस्तीवर पडले, शंभरावर माणसं गेली आणि उत्पादन फारसं थांबलंच नाही. त्या भागात ब्रिटिशांचा एक गुप्त माणूस काम करत होता, हॅरी री, पेशाने शाळामास्तर. त्याने घराण्यातल्या रोदोल्फ प्युजोची गाठ घेतली आणि सरळ विचारलं की विमानांनी पुन्हा गावावर बॉम्ब टाकावेत की तुमच्याच कारखान्याची नेमकी यंत्रं आम्ही आतून उडवून द्यावीत. रोदोल्फ तयार झाला. स्वतःच्या घराण्याने चार पिढ्यांत उभं केलेलं यंत्र कुठून उडवलं की जास्तीत जास्त दिवस बंद राहील हे सांगायला मालकच मदत करतोय, हा प्रसंग मला फार मोठा वाटतो. ५ नोव्हेंबर १९४३ ला कारखान्यातल्या माणसांनीच स्फोटकं लावली, वीजपुरवठ्याची आणि कॉम्प्रेसरची यंत्रं गेली, वस्ती वाचली. कंपनीच्या काही अधिकाऱ्यांना नंतर अटक होऊन जर्मनीला पाठवलं गेलं.

रेनॉच्या बाबतीत असं काही सांगण्यासारखं नव्हतं. कंपनीचे मालक लुई रेनॉ १९४४ मध्ये कैदेत असतानाच वारले आणि १९४५ च्या जानेवारीत कंपनी सरकारी झाली. प्युजो घराण्याकडेच राहिली.

प्रश्न (परळ): माझे आजोबा आणि वडील दोघे गिरणीत होते, ८२ चा संप घरात बघितलाय. मालक घराण्यांचं कौतुक वाचताना मला नेहमी प्रश्न पडतो, ह्यांचे कामगार काय म्हणायचे?

उत्तर: हा प्रश्न कोणीतरी विचारायलाच हवा होता. प्युजोंनी कामगारांसाठी घरं बांधली, शाळा काढल्या, दवाखाना, सहकारी दुकान, आणि १९२८ मध्ये सोशोचा फुटबॉल क्लबसुद्धा, ज्याच्या अंगावर पिवळा-निळा रंग आणि छातीवर सिंह. चांगल्या दिवसांत हे सगळं चांगलंच वाटतं. पण ज्या गावात घर मालकाचं, शाळा मालकाची आणि दुकानही मालकाचं तिथे मालकाशी भांडायला माणसाला जागा उरत नाही, परळ-लालबागच्या चाळीत निदान शेजारच्या गिरणीचा माणूस तरी होता.

१९६८ च्या मे महिन्यात फ्रान्सभर संप झाला तेव्हा सोशोही बंद होतं. जूनमध्ये बाकी देश कामावर परतायला लागला तरी इथे पुन्हा ठिणगी पडली, आणि ११ जूनला कारखाना खाली करायला दंगलविरोधी पोलीस घुसले. दोन कामगार मेले, एक गोळी लागून आणि दुसरा भिंतीवरून पडून, शंभरावर जखमी झाले. पोलीस सरकारचे होते, गोळी घराण्याने झाडलेली नाही, पण कारखाना त्यांचाच होता आणि मोंबेलियारमध्ये ही तारीख अजून विसरलेले नाहीत. दहा वर्षांनी त्याच सोशोत चाळीस हजारांच्या आसपास माणसं कामाला होती, त्यांतली बरीच उत्तर आफ्रिकेतून, युगोस्लाव्हियातून, तुर्कस्तानातून आलेली. ह्या माणसांशिवाय हा इतिहास लिहिला तर तो अर्धाच राहतो.

प्रश्न (मुलुंड): आज प्युजो नक्की कोणाची आहे? आणि भारतात त्यांचं एवढ्या वेळा का फसलं?

उत्तर: आधी पहिला भाग. १९७० च्या दशकात ह्यांनी भराभर खरेदी केली, मिशेलिनकडून सिट्रोएन घेतली, १९७८ मध्ये क्रायस्लरचा युरोपातला धंदा घेतला पण त्याबरोबर कर्जही आलं आणि जुने कारखानेही, त्यात कंपनी बुडायच्या बेताला आली. १९८३ च्या २०५ ह्या छोट्या गाडीने तिला वर काढलं. मग २००८ नंतर युरोपातली मागणी पडली, २०१२ मध्ये ५ अब्ज युरोचा तोटा झाला, पॅरिसजवळचा ओल्नेचा कारखाना बंद करावा लागला.

२०१४ मध्ये पैसा उभा करायची वेळ आली आणि तो घराण्याच्या आवाक्यातला नव्हता. चीनची डोंगफेंग आणि फ्रेंच सरकार ह्यांनी प्रत्येकी ८० कोटी युरो घातले आणि प्रत्येकी १४ टक्के घेतले, घराण्याचा पंचवीस टक्क्यांवरचा वाटा उतरून त्यांच्या बरोबरीने १४ वर आला. तिएरी प्युजो तेव्हा अध्यक्ष होते, त्यांना हा सौदा नको होता, चुलत भाऊ रोबेर त्याच्या बाजूने, आणि हा वाद तेव्हा वर्तमानपत्रांत उघडपणे आला. आर्मां आणि यूजेन वेगळे झाले तेव्हा दोघांकडे आपापला धंदा चालवण्याएवढं भांडवल होतं, ह्या दोघांकडे तो मार्गच नव्हता. तिएरी बाजूला झाले. २०२१ च्या जानेवारीत फियाट-क्रायस्लरशी विलीनीकरण होऊन स्टेलांटिस झाली, तिच्यात प्युजो घराण्याचा वाटा साधारण ७ टक्के होता आणि फियाटवाल्या आन्येल्ली घराण्याचा त्याच्या दुप्पट. म्हणजे मालक म्हणता येणार नाही, पण टेबलाशी खुर्ची आहे.

भारताबद्दल. फसलं म्हणताना एक गोष्ट लोक विसरतात, प्युजोचं डिझेल इंजिन आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलंय, फक्त नाव महिंद्राचं होतं. इगतपुरीच्या कारखान्यात प्युजोच्या तंत्रावर इंजिनं बनायची आणि जीपच्या ५४० डीपी मधलं डीपी म्हणजे डिझेल प्युजो. कसारा घाटात ह्या जीप ज्यांनी भरून चालवल्यात त्यांना विचारा. मोटारीचं मात्र जमलं नाही. प्रीमियरबरोबरची ३०९ नव्वदच्या दशकाच्या मध्यात आली, गाडी चांगली होती, पण कामगारांशी वाद, सुट्या भागांची अडचण आणि समोर नव्या कोरियन गाड्या, दोन-तीन वर्षांत संपलं. २०११ मध्ये गुजरातेत साणंदला कारखाना जाहीर केला, पुढच्याच वर्षी घरचं संकट आलं आणि तो बारगळला. २०१७ मध्ये बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्सकडून अँबॅसडर हे नाव ८० कोटी रुपयांना घेतलं. आता भारतात त्यांनी सिट्रोएन आणलीय, सिंह अजून आलेला नाही.

स्कूटर-मोटरसायकलचा वेगळा धंदा होता तो २०१५ पासून महिंद्रांनी टप्प्याटप्प्याने विकत घेतला, नंतर त्याचं नियंत्रण एका जर्मन गुंतवणूक कंपनीकडे गेलं.

प्रश्न (विलेपार्ले): मुलगा पुढच्या वर्षी फ्रान्सला शिकायला जातोय, हे सगळं कुठे बघायला मिळेल?

उत्तर: सोशोला कारखान्याच्या शेजारीच प्युजोचं म्युझियम आहे, १९८८ पासून. मोटारी आहेतच, पण त्याला सांगा करवती, कॉफीच्या गिरण्या, शिवणयंत्रं आणि झग्याचे पोलादी सांगाडे असलेल्या भागात आधी जा, घाईत लोक तो भाग सोडून देतात. पॅरिसहून टीजीव्ही ह्या वेगवान रेल्वेने बेलफोर्त-मोंबेलियार स्टेशनला उतरायचं, तिथून सोशो जवळ आहे.